‘तक्रार नाही’ म्हणजे आजार नाही, असं कृपया समजू नका

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी,
आरोग्य सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करणारे आणि त्यांचे आकडे वाचून निर्णय घेणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार,

मी बीड जिल्ह्यात गटप्रवर्तक म्हणून काम करते. आशाताईंसोबत घरं फिरायची, त्यांनी भरलेले फॉर्म तपासायचे आणि महिन्याचा अहवाल द्यायचा, हे माझं काम. पत्र लिहायचं कारण एका आढावा बैठकीत पडद्यावर दाखवलेला नकाशा. ज्या गावांत लोकांनी दुखण्याच्या तक्रारी जास्त सांगितल्या ती लाल, जिथं कमी सांगितल्या ती हिरवी. शहराजवळची, चार दवाखाने असलेली मोठी गावं लालभडक दिसत होती. डोंगराकडेचे तांडे आणि वस्त्या, जिथून दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरटी एक तरी कोयता ऊसतोडीला निघतो, त्या हिरव्यागार. (कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते या जोडीला.) त्यावरून असं ठरू लागलं की हिरव्या भागात परिस्थिती समाधानकारक आहे, तेव्हा तिथली शिबिरं लाल भागात घ्यावीत.

त्या हिरव्या भागातली घरं मला माहीत आहेत. तिथं परिस्थिती समाधानकारक नाही.

आकडेमोड चुकलेली नव्हती. लोकांनी सांगितलं ते आशाताईंनी लिहिलं, त्यांनी लिहिलं ते वर गेलं. चुकतोय तो उत्तराचा अर्थ. आमच्याकडची बाई ‘बरी हाय’ म्हणते तेव्हा ती एवढंच सांगत असते की तिचं काम अजून थांबलेलं नाही. पेन्शन असलेल्या घरात हाच प्रश्न विचारला तर माणूस फाइल काढून दाखवतो: शुगर, बीपी, थायरॉइड, कोणती गोळी कधीपासून चालू आहे ते तारखेसकट. त्याचं उत्तर खरं आहे आणि हिचंही खरं आहे. पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत, आणि आपण ती एकाच रकान्यात टाकून बेरीज करतो.

एक घर सांगते. बाई अठ्ठावीस-तीस वर्षांची, तीन लेकरं, सहा-सात हंगाम ऊसतोड केलेली. आशाताई तीस वर्षांपुढच्या माणसांचा सी-बॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सर यांसारख्या आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली) भरायला बसली होती. घरात सासूचा फॉर्म भरायचाच होता. सून तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणून तिलाही प्रश्न विचारले. सासू शेजारीच तूर निवडत होती, दीर ओट्यावर मोटारसायकल खोलून बसला होता. दम लागतो का? न्हाई. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला? न्हाई. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का? वास येणारा पांढरा स्राव? तिनं एकदा सासूकडे बघितलं आणि म्हणाली, ‘काय न्हाई ताई, मला काय धाड भरली?’ सगळीकडे शून्य. फॉर्म झाला.

मग ती हापशावर निघाली, म्हणून मी सोबत गेले. येताना डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. बांधापाशी तिनं सगळं खाली ठेवलं आणि बसली. थोड्या वेळानं उठली, चालली, लिंबाखाली पुन्हा बसली. ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, रोज बसावं लागतं का? ‘समद्याच बसत्यात की.’ पाळीबद्दल विचारलं तर हंड्याकडे बघतच बोलू लागली: ‘आठ-आठ दिस जातं. फडात कापडं बदलायला आडोसा नसतोय. मग डोळ्यांपुढं अंधारी येती. पण त्ये काय दुखणं हाय व्हय?’ आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6.8 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं 8 च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. कागदावर मात्र ती ठणठणीत होती.

तिनं आशाताईला फसवलेलं नाही, हे मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. आपल्या अंगात काय चाललंय हे तिला बारकाईनं ठाऊक होतं. किती दिवस, कधी अंधारी येते, कुठं बसल्यावर उतार पडतो, सगळं. फक्त त्याला आजार म्हणायची सोय तिच्या आयुष्यात नव्हती. आई अशीच बसत होती, जावा बसतात, टोळीतल्या सगळ्या बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. अर्ध्याहून जास्त बायकांना जे होतं त्याला दुखणं कोण म्हणणार? ते बाईपण म्हणून खपतं. म्हणून तर त्या ते अंगावर काढतात.

अभ्यासकांना ही गोष्ट नवी नाही, ती सरकारी कागदांत जुनी आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेनं एक पाहणी केली होती. अमर्त्य सेन यांनी तिचा दाखला पुढे अनेकदा दिला आहे. तिथल्या विधुर पुरुषांपैकी 48.5 टक्क्यांनी सांगितलं की आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं सांगणाऱ्या होत्या 2.5 टक्के. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या बंगालमध्ये विधवा बाईची तब्येत विधुरापेक्षा चांगली असेल, असं कुणी म्हणेल का? बायको गेल्यावर कुणी बघायला नाही म्हणून पुरुषाला स्वतःचं दुखणं मोठं वाटलं. आणि विधवेला आपली तब्येत ही कुणी चौकशी करावी अशी गोष्ट आहे, हेच कधी कुणी जाणवून दिलं नव्हतं.

आणखी जवळचा दाखला आपल्याच राज्यातला, गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली, आणि 1989 साली तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्याहून थोड्या जास्त, 55 टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार सांगितली. तपासल्यावर 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक आजार निघाले, सरासरीनं एकेकीला 3.6. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दोन गोष्टी एकदम खऱ्या होत्या. ज्यांनी तक्रार सांगितली त्यांचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी काहीच सांगितलं नाही त्यांच्यातल्याही बहुतेक आजारी होत्या. आमच्या बैठकीतल्या नकाशात या दुसऱ्या बायकांनी एखाद्या गावाला हिरवा रंग मिळवून दिला असता.

देशाच्या पातळीवर हाच खेळ मोठा होऊन दिसतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत (जुलै 2017 ते जून 2018) मागच्या पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगणारे ग्रामीण भागात 6.8 टक्के होते, शहरात 9.1. जसजसा घरखर्च वाढतो तसतसं आजारी असल्याचं सांगणारेही वाढतात. आदिवासींमध्ये ते सगळ्यांत कमी असतात. केरळमध्ये बिहारच्या कित्येक पट लोक स्वतःला आजारी म्हणवतात. आता दुसरे आकडे शेजारी ठेवा. जन्म-मृत्यूंच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार 2014-18 मध्ये केरळचं सरासरी आयुर्मान 75.3 वर्षं आणि बिहारचं 69.1. पाच वर्षांखालच्या बालकांचा मृत्युदर पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशासाठी हजारी 41.9, आदिवासींसाठी 50.3. जे सगळ्यांत कमी कुरकुरतात त्यांचीच लेकरं जास्त दगावतात.

केरळचा माणूस कांगावा करतो, असा अर्थ यातून कुणी काढू नये. तिथं म्हातारी माणसं जास्त आहेत, हे एक कारण आहेच. पण तिथं शाळा आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, बीपी मोजलं जातं, म्हणून त्या माणसाला कळतं की आपल्याला बीपी आहे. बीड शहरातल्या निवृत्त शिक्षकालाही तसंच कळतं. दुखण्याला नाव मिळतं ते कुणीतरी तपासल्यावर. ज्यांना कुणी तपासलंच नाही त्यांच्याकडे नाव नाही, नाव नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून तपासणारा येत नाही. तुमचं शिबिर दुसरीकडे वळलं की हे असंच चालू राहतं.

आता ज्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे त्याकडे येते. हिरव्या वस्त्यांतली बाई कधीच बोलत नाही असं नाही. ती बोलते, पण फार उशिरा, आणि तेव्हा तिला एकच उपाय सांगितला जातो: पिशवी काढून टाक. 2019 साली या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरातल्या जवळपास सतरा. देशभरात 15 ते 49 वयातल्या स्त्रियांत हे प्रमाण कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीन टक्क्यांच्या आसपास येतं.

त्या वेळी सगळ्यांनी दवाखान्यांकडे बोट दाखवलं, आणि जिथं नफ्यासाठी पोटं फाडली गेली तिथं ते दाखवायलाच हवं. पण या बायकांनी हे का पत्करलं, हे फडावरचा दिवस बघितल्याशिवाय कळायचं नाही. पहाटे अंधारात कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीतून, निघायचं. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढवते. संडास नाही, धुवायला पाणी नाही. एक दिवस पडून राहिली तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अंगावरून जातं म्हणून ती डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला बरं व्हायला वेळ नसतो, खाडा थांबवायचा असतो. महिन्याच्या गोळ्या, पुन्हा तपासणी, पुन्हा बसभाडं, हे तिच्या हिशेबात बसत नाही. पिशवी काढली की पाळी गेली, पाळी गेली की खाडा गेला. मनात कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली असतेच.

आणि आता आपला फॉर्म घेऊन तिच्याकडे जा. पाळीचा त्रास? नाही. अंगावरून जातं? नाही. पस्तिशीच्या आत पिशवी गेलेली बाई आपल्या कागदावर निरोगी ठरते. कंबर भरून येते, अंगाची आग होते, रात्री झोप लागत नाही, हे ती सांगत नाही, कारण पिशवी गेल्यावर एवढं व्हायचंच हे तिनं मान्य केलेलं असतं. कित्येकजणी तर ‘आता लई बरं हाय’ म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. त्यांच्या या समाधानावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही. पण विभागानं ते समाधान आरोग्य म्हणून मोजू नये.

पुरुषांचं वेगळं आहे, पण फार वेगळं नाही. बाजार समितीतला हमाल पाठ दाखवायला डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो, संध्याकाळी क्वार्टर. शहरातला सफाई कामगार खोकल्याला ‘कामाचा खोकला’ म्हणतो. आणखी एक अडचण अशी की घरात पुरुष हजर असला की सगळ्यांच्या वतीनं तोच बोलतो. मोठ्या सर्वेक्षणांतही बहुतेक वेळा एकाच माणसाला विचारून घरातल्या सगळ्यांच्या आजारपणाची नोंद होते. बायकोला आठ-आठ दिवस रक्त जातं हे त्याला माहीत नसतं, आणि असलं तरी परक्यासमोर तो सांगणार नाही.

मग काय करावं? मी प्रश्नावल्या तयार करणारी नाही, पण त्या घरोघर विचारून घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून धीर करून लिहिते.

‘काही त्रास आहे का’ असं विचारू नका. कामाविषयी विचारा. पाणी आणताना किती वेळा बसावं लागतं, मागच्या महिन्यात दुखत असताना किती दिवस कामावर गेलात, आधी जेवढं ओझं उचलत होतात तेवढं आता उचलवतं का. अशा प्रश्नांना आमच्या बायका न अडखळता उत्तरं देतात, कारण कामाचा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. आशाताईंना घराघरांतून हे अनुभवानं कळलेलं आहे. पण त्यांना एका दिवसात इतके फॉर्म संपवायचे असतात की छापील प्रश्नापलीकडे जायला उसंत मिळत नाही. फॉर्मची संख्या कमी करा. हवं तर आमच्याकडून अर्धेच मागा, पण ते खरे मागा.

पांढऱ्या स्रावाचे आणि पाळीचे प्रश्न ओट्यावर, सासू-दिरासमोर विचारायला लावू नका. अंगणवाडीची खोली दुपारनंतर मोकळी असते. तिथं बायकांना एकेकटीला बोलावता येतं, आणि गावात कुणाला वावगंही वाटत नाही.

तक्रारींच्या आकड्यांशेजारी तपासण्यांचा आकडा ठेवल्याशिवाय कुठल्याही गावाला रंग देऊ नका. जिथं तक्रारी कमी आणि तपासण्याही कमी, ते गाव ‘समाधानकारक’ नाही, ते ‘न बघितलेलं’ आहे. शिबिर आधी तिथं जायला हवं, हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र आणि बीपीचं यंत्र घेऊन. आणि रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळं होऊ नका. रक्त का जातंय हे बघणारी बाई डॉक्टर ठरलेल्या वारी आरोग्य केंद्रात भेटली पाहिजे. ती भेटली नाही म्हणूनच आमच्या बायका आधी खासगी दवाखान्याचा दरवाजा ठोठावतात.

वेळेचंही बघा. 2022 च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम आली. अठरा वर्षांपुढच्या सगळ्या स्त्रियांची तपासणी, कल्पना उत्तम होती, आणि कित्येक बायकांच्या दंडाला बीपीचा पट्टा पहिल्यांदाच लागला. पण आमच्याकडे तेच दिवस सोयाबीन काढणीचे. दिवसा आरोग्य केंद्रात ज्या येऊ शकल्या त्यांची तपासणी झाली, रानात होत्या त्यांची राहिली, आणि त्याच पुढच्या काही दिवसांत टोळ्यांच्या गाड्यांत बसून गेल्या. हिवाळ्यात कुठलंही सर्वेक्षण आलं तर या वस्त्यांत अर्ध्या घरांना कुलूप असतं. उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं. त्यांच्या उत्तरांतून ऊसतोड बाईच्या तब्येतीचा थांग कसा लागणार? पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतचा काळ आणि पाडव्यानंतर टोळ्या परत येतात तो काळ, हे दोन आमच्यासाठी राखून ठेवा. हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणी करायची, हे त्या समितीच्या शिफारशींतही होतं. जाण्याआधीची थोडीफार होते. परत आल्यानंतरची व्हायला हवी तशी होत नाही, आणि खरी झीज तर तेव्हाच दिसते.

तपासणीचं कार्ड बाईच्या हातात द्या, मुकादमाच्या नको. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या परिसरातल्या आरोग्य केंद्रांना ते कार्ड बघून औषध चालू ठेवायच्या लेखी सूचना द्या. नाहीतर इथं सुरू केलेला उपचार जिल्ह्याच्या हद्दीवरच तुटतो. कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांचं काय करायचं, याचं उत्तर आमच्या पातळीवर सापडण्यासारखं नाही. ते दोन्ही राज्यांच्या आरोग्य विभागांनी एकत्र बसूनच ठरवावं लागेल, आणि यंदाच्या घटस्थापनेआधी ठरावं अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक गटप्रवर्तक, जिल्हा बीड